कच्चं लिंबू, लोण आणि भोपळा

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळची कर्जत लोकल भिवपुरी रोडला थांबली की फलाटावर दोरांची वेटोळी, हेल्मेटं आणि ओले बूट उतरतात. ही मंडळी आषाणेच्या धबधब्याकडे निघालेली असतात आणि त्यांच्या तोंडी 'बिले', 'अँकर', 'रॅपल मारणे' असले शब्द असतात. भातं कापून झाली की चित्र पालटतं. रिकाम्या खाचरात खेळपट्टी चोपली जाते, बांधाला सीमारेषेचा मान मिळतो आणि कर्ण्यावरून 'गगनचुंबी षटकार' ऐकू येऊ लागतो. एखाद्या रात्री देवळासमोरच्या पटांगणात दिवे लावून कबड्डी रंगते. तिथे 'लोण' चढतं, 'दम' तुटतो. एकाच परिसरात खेळाच्या तीन बोली. तिन्हींतले शब्द वापरणारे सहसा विचारत नाहीत की हे शब्द मुळात कुणाचे.

स्टेशनच्या नावातलं 'रोड' हा रेल्वेचा प्रामाणिकपणा आहे. गाव इथे नाही, गावाकडे जाणारी वाट इथून फुटते. खुद्द भिवपुरी सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं आंध्रा खोऱ्याचं पाणी नळांतून खाली झेपावतं आणि १९२२ पासून तिथलं टाटांचं वीजघर चालवतं. त्याच्या कितीतरी आधीपासून कुसूर घाटाची वाट मावळातून इथेच उतरते. खेळाच्या शब्दांचंही भिवपुरी रोडसारखंच आहे. शब्द उतरतो मैदानावर, त्याचं गाव मात्र दुसरीकडे असतं: स्वयंपाकघरात, नदीकाठच्या दगडावर, तोफखान्यात, मिठाच्या गोणीत.

मिठापासूनच सुरुवात करायला हवी, कारण रायगडातल्या कबड्डीच्या पटांगणावर सगळ्यात मोठ्यांदा ओरडला जाणारा शब्द मिठाचा आहे. समोरचे सगळे गडी बाद झाले की लोण चढतं आणि दोन जादा गुण मिळतात. लोण म्हणजे मीठ. संस्कृतातलं लवण झिजून झालेला हा शब्द लोणच्याच्या बरणीतही आहेच. पण कबड्डीत मिठाचं काय काम? कबड्डीने तो घेतला शेजारच्या खेळातून, आट्यापाट्यांतून. तिथे नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी असते. पाट्या अडवून धरणाऱ्यांना हुलकावण्या देत शेवटची पाटी ओलांडायची, तिथून 'लोण' घेऊन मागे फिरायचं आणि पुन्हा सगळ्या पाट्या पार करत पहिल्या पाटीबाहेर यायचं. या खेळाला लोणपाट असंही नाव आहे. पहारे चुकवून मीठ पळवून आणण्याचा हा खेळ, असा अर्थ अनेकजण लावतात. तो तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. पण पेण-उरणची मिठागरं ज्याने पाहिली आहेत आणि कोकणचं मीठ बैलांच्या पाठीवरून बोरघाटाने देशावर जाई हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो पटायला वेळ लागत नाही.

आट्यापाट्या आता फारसं कुणी खेळत नाही. लोण मात्र खेळातून सुटून वर्तमानपत्रात जाऊन बसलं. 'आंदोलनाचं लोण खेड्यापाड्यांत पोहोचलं' हे वाक्य लिहिणाऱ्या बातमीदाराला आपण पाट्या ओलांडून आलेल्या एका दमलेल्या गड्याबद्दल लिहीत आहोत याची कल्पनाही नसते. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. कबड्डीच्या इंग्रजी नियमावलीत या गोष्टीला नवं नाव न शोधता 'लोना' असंच लिहिलं गेलं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा दूरचित्रवाणीला ते पुरेसं झगमगीत वाटलं नसावं. तिथे 'ऑल आउट' झालं. खेड्यातल्या पंचाच्या तोंडून मात्र अजून मीठच येतं.

कबड्डी हे नावसुद्धा मराठीत तसं पाहुणंच. जुन्या पिढीसाठी हा खेळ हुतूतू होता, बंगालात हाडूडू, तमिळनाडूत सडुगुडु. ही सारी नावं म्हणजे चढाई करणाऱ्याने एका श्वासात घोकायचे आवाज. त्यांना अर्थ नाही आणि तो नसणं हीच त्यांची सोय, कारण अर्थ असलेला शब्द सलग तीस वेळा म्हणताना जीभ अडखळते. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२० च्या दशकात हुतूतूला नियमांत बसवलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून हुतूतू उतरला तेव्हा सगळीकडे कबड्डीच होतं. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य वेचून हा खेळ देशभर एका नियमावलीखाली आणला. खेळ एक करायचा तर नाव एक हवं, हे खरंच. हुतूतू त्यात गेलं. 'दम' मात्र टिकला. फारसीत दम म्हणजे श्वास. इंग्रजी नियमांत त्याला 'कँट' म्हणतात. तो नुसता घोषाचा शब्द आहे; त्याला दम लागत नाही, तो दम खात नाही, कुणाला दम देत नाही.

खो-खोबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. खेळात खो मिळाला की बसलेला गडी उठून धावत सुटतो. बोलण्यात 'खो घातला' की धावणारं काम बसतं. एकच अक्षर, मैदानात आणि कचेरीत बरोबर उलटं.

सगळ्यात लांबून आलेले शब्द मात्र सगळ्यात लहान खेळाडूंकडे सापडतात. विटीदांडूत विटी कशावर ठेवून टोलायची हे मोजणीनुसार बदलतं आणि ही मोजणी एक, दोन, तीन अशी नसते. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वय, झकू! पोरांना वाटतं ही खेळातली निरर्थक बडबड. तेलुगूतले आकडे म्हणून पाहावेत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार. पहिल्या चारांची जुळणी इतकी बिनचूक आहे की योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. पुढे ती विस्कटते. पाचव्या जागी 'आर' येतो. तेलुगूत 'आरु' म्हणजे सहा, म्हणजे पाच कुठेतरी वाटेत सांडला. त्यापुढची नावं गावोगाव बदलतात आणि झकूचा पत्ता अजून कुणाला लागलेला नाही. दख्खनच्या दोन भाषांची सरमिसळ शतकानुशतकं चालली होती, हे अभ्यासक शिलालेखांतून आणि स्थलनामांतून दाखवतात. तीच गोष्ट शेंबड्या पोरांच्या तोंडी पाठ होती. विटी टोलली गेली की मोजणी विसरली जायची. विसरली गेली नाही ती 'कोलणे' ही क्रिया. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने खालून उडवायची ते कोलणं. आज मागणी कोलली जाते, सल्ला कोलला जातो आणि कोलणाऱ्याच्या हातात दांडू नसतो.

पोरांच्या खेळांची परिभाषा हा खरं तर वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. ज्याच्यावर डाव आला त्याच्यावर 'राज्य' येतं. हे राज्य कुणालाच नको असतं. सगळे त्याच्यापासून पळतात, आणि दुसऱ्याला शिवून राज्य त्याच्या गळ्यात मारल्याशिवाय सुटका नाही. मराठी पोरांना सत्तेबद्दल काही फार जुनं ठाऊक असावं. धाकटं भावंड खेळायचा हट्ट धरून बसलं तर त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घेतात. ते धावतं, ओरडतं, बाद होतं, पण त्याचं बाद होणं मोजत नाहीत. पिकायच्या आधी तोडलेल्या लिंबाला रस नसतो, ही स्वयंपाकघरातली नोंद. त्याचंच भावंड असलेलं 'लिंबूटिंबू' नंतर क्रीडापानावर गेलं आणि विश्वचषकातल्या नवख्या संघांना चिकटलं. त्या लिंबूटिंबूंनी अधूनमधून मोठ्यांचे दात आंबवले, ही वेगळी गोष्ट.

धावता धावता ज्याला हात लावला की माणूस सुरक्षित होतो तो खांब किंवा ते झाड म्हणजे 'भोज्या'. आता लोक वारीचे दोन टप्पे चालून, संमेलनाला तासभर जाऊन, किल्ल्याच्या पायथ्याशी फोटो काढून 'भोज्याला शिवून' येतात. चपलेचा अंगठा तुटला की मूठ उंचावून 'टॅम्प्लीज' ओरडायचं. ते इंग्रजी 'टाइम प्लीज', हे बहुतेकांना मोठेपणी कळतं. 'डबा ऐसपैस' तर याहून मजेचा. इंग्रजी 'आय स्पाय' म्हणजे 'मला दिसला'. मराठी कानाने ते ऐकलं आणि घरात आधीपासून असलेल्या ऐसपैस या शब्दाच्या साच्यात ओतलं. लपायला जागा अपुरी असलेल्या चाळीत त्या खेळाचं नाव ऐसपैस असावं, याला काय म्हणावं!

क्रिकेट मराठीत आलं तेव्हा त्याला शब्द देणाऱ्यांपुढे प्रश्न होता. समोर एक परका खेळ, त्यात परक्या वस्तू, आणि वाचक असा की ज्याने कुस्तीचा फड पाहिलेला, लॉर्ड्स नव्हे. मग शब्द फडातून उचलले गेले. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. त्याला वर फक्त आकाश दिसतं म्हणून आस्मान दाखवणं. त्या 'चीत'चं क्रिकेटने काय केलं पाहा. पाय आडवा आला म्हणून बाद तो पायचीत, धावताना बाद तो धावचीत, यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या तर यष्टिचीत. यातल्या कुणाचीही पाठ जमिनीला लागलेली नसते. तरी शब्द चपखल बसले, कारण पराभव कसा दिसतो हे वाचकाला तालमीतून ठाऊक होतं. धोबीपछाड, म्हणजे धोबी दगडावर कपडा आपटतो तसा खांद्यावरून घेऊन आपटण्याचा डाव, क्रिकेटात फारसा रुळला नाही. तो निवडणुकीच्या बातम्यांना जास्त मानवला. 'नुरा कुस्ती' म्हणजे आतून ठरवून लढलेली लढत, हीही तिकडेच गेली. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं तेव्हा त्यांच्या 'ढाक' या डावाची मोठी ख्याती होती. कर्जतच्या माणसाला ढाक म्हटलं की कुस्ती आठवत नाही, ढाकच्या डोंगरातली बहिरीची गुहा आणि तिथवरचा दोर आठवतो. दोन्हींत पाय सुटला की खेळ संपतो, एवढंच साम्य.

'गोलंदाज' तर सरळ सैन्यातून आला. तोफेत गोळा घालून डागणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या किल्ल्यांवर असे गोलंदाज नेमलेले असत. त्याच्याच चालीवर फळी चालवणारा तो फलंदाज झाला. बाद झालेला फलंदाज अजून 'तंबूत' परततो. वानखेडेवर काचेच्या भिंतींची वातानुकूलित खोली असली तरी मराठी वर्तमानपत्रात तो तंबूच आहे. तीन यष्ट्या उडाल्या तर त्रिफळा. हिरडा, बेहडा आणि आवळकाठीची ती पुडी घराघरांत असे आणि तिचा परिणाम काय होतो हेही सगळ्यांना माहीत असे. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याला विनोदबुद्धी होती. 'षटक' या शब्दाला मात्र नशिबाची साथ हवी होती. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती आणि तिथली धावसंख्या मराठीत देताना आठ चेंडूंचं षटक लिहावं लागे.

शून्यावर बाद होण्याला इंग्रज 'डक' म्हणतात, मूळ शब्द बदकाचं अंडं. आकार तोच, गोल. मराठी माणसाला त्या आकारात परसातला भोपळा दिसला. गणिताच्या पेपरात शून्य मिळालं तरी भोपळाच. इंग्रजीत बदक मिळालं की ते मिळालं. मराठीत मात्र भोपळा 'फोडता' येतो. पहिली धाव काढली की फुटला! शब्दाला अशी क्रिया जोडून मिळाली की तो जगतो.

बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी धावतं वर्णन आणि वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये उभं केलेलं क्रीडापान यांनी ही भाषा घरोघर पोहोचवली. ती सगळीच टिकली असं नाही. जे शब्द माती, फड, घर यांतून आले ते राहिले. संस्कृत कोशातून काढून लावलेले बरेच छापील कागदावरच राहिले. यष्टिरक्षक बातमीत असतो. शेतातल्या सामन्यात 'कीपर' असतो. हा दुटप्पीपणा नाही, दोन वेगळ्या कामांसाठी दोन हत्यारं आहेत.

बाहेरच्या जगातही शब्दांच्या जन्मकथा सांगितल्या जातात, पण त्यातल्या थोड्याच कागदावर टिकतात. हॅट्ट्रिकची टिकते. १८५८ मध्ये शेफील्डच्या हाइड पार्कवर एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन बळी घेतले, प्रेक्षकांनी वर्गणी काढली आणि त्याला टोपी घेऊन दिली. आपल्याकडे सलग तीनदा निवडून येणाऱ्याला टोपी मिळत नाही. ती त्याने मतदारांना घातलेली असते, असं म्हणणारे असतात. काही शब्द बोचरे असतात. डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठीचा 'चायनामन' हा शब्द वेस्ट इंडीजचे चिनी वंशाचे गोलंदाज एलिस अचाँग यांच्याशी जोडला जातो. २०१८ मध्ये 'विस्डेन'ने तो वापरातून काढला. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावचीत केलं. गुन्हा क्रीज सोडणाऱ्याचा, नाव मात्र 'मांकडिंग'. एमसीसीने २०२२ मध्ये ही विकेट गैरखेळाच्या कलमातून काढून सरळ धावचीतच्या कलमात घातली. मांकडांचं नाव पुसायला जगाला ७५ वर्षं लागली.

गुगली हा शब्द आला कुठून, यावर इंग्रजांचंही एकमत नाही. चेंडू इंग्लंडच्या बोझंके यांचा, एवढं नक्की. मराठी राजकारणात मात्र गुगलीला चक्क सासर आहे. २०२३ च्या जूनमध्ये २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीचा वाद पुन्हा उकरला गेला तेव्हा शरद पवारांनी आपले सासरे सदू शिंदे यांची आठवण काढली. ते नामांकित गुगली गोलंदाज होते, तेव्हा स्वतः खेळलो नसलो तरी गुगली कुठे आणि कशी टाकायची हे आपल्याला कळतं, असा त्यांचा रोख होता. सदू शिंदे यांनी १९५१ च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडचे ६ बळी ९१ धावांत घेतले होते. क्रीडापानावरून अग्रलेखात गेलेले शब्द पुष्कळ, पण ज्याच्याकडे तो घरातून आला असा वापरणारा एकच.

रबरी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटची बोली कुणी कोशात घेतलेली नाही. ती मुंबईच्या गल्ल्यांतून लोकलने कर्जत-खोपोलीपर्यंत आली. डोळे मिटून मारलेला उंच फटका 'लप्पा'. जमिनीला घासत येणारा चेंडू 'सरपटी', कारण सापही तसाच जातो. चामड्याच्या चेंडूला 'सीझन बॉल' म्हणतात आणि तो न खेळलेल्यांमध्येही त्याचा दरारा असतो. चाळीच्या अरुंद अंगणात 'एक टप्पा, एक हात आउट' हा नियम झाला. भिंतीबाहेर थेट गेला तर षटकार नाही, बादच. कारण चेंडू परत आणायला कुणाच्या तरी खिडकीखाली जाऊन बोलणी खावी लागत. हे नियम खेळाच्या सौंदर्यासाठी नव्हते, जागेच्या भावासाठी होते. खाचरात जागा भरपूर, तरी शहराचे नियम तिथेही आले. हरत असताना भांडण काढून सामना मोडणं मात्र दोन्हीकडे एकाच नावाचं: 'रडीचा डाव'.

डोंगरातली बोली यांच्यापेक्षा वेगळी. तिथे उपकरणाचे शब्द बाहेरचे आणि जमिनीचे इथले. 'रॅपल' फ्रेंच, अर्थ परत बोलावणं, कारण खाली उतरल्यावर दोर ओढून परत घ्यायचा असतो. 'बिले' जहाजावरच्या खलाशांकडून आला. पण पाय जिथे पडतो त्या प्रत्येक जागेला ठाकर, कातकरी आणि गुराख्यांनी आधीच नाव देऊन ठेवलं होतं: सोंड, दांड, नाळ, घळ, कपार, पदर. कड्याच्या मधल्या टप्प्यावरची सपाटी म्हणजे पदर, साडीच्या निऱ्यांवर पसरावा तसा. खांडसजवळचा पदरगड नावातच ते सांगतो. इर्शाळच्या माथ्याजवळ कातळाला आरपार भोक आहे, त्याला 'नेढं' म्हणतात, सुईचं नेढं तेच. एवढ्या प्रचंड दगडात सुई दिसणं हे रोज तिथे जाणाऱ्यालाच जमतं. मुंबईचे गिर्यारोहक 'प्रस्तरारोहण' हा शब्द प्रमाणपत्रावर वाचतात. कड्यावर असताना तो कुणी म्हणत नाही, तेवढा दम शिल्लक नसतो.

२०२४ च्या मार्चमध्ये ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. तिथे नाणेफेकीऐवजी 'टिप-टॉप' होतं. दोन कर्णधार समोरासमोरून टाचेला चवडा लावत एकेक पाऊल टाकत येतात आणि ज्याचं पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडतं तो जिंकतो. कॅमेरे लावून, दिव्यांच्या झोतात, गल्लीतला हा जुना प्रकार समालोचकांना इंग्रजीतून समजावून सांगावा लागला. त्याच रेल्वेमार्गावर पुढे भिवपुरीच्या खाचरातही नाणेफेक अडतेच, कारण पैसे सगळे फोनमध्ये आणि खिशात नाणं नाही. मग कुणीतरी खापरीचा चपटा तुकडा उचलतो, एका बाजूला थुंकतो, हवेत उडवतो आणि समोरच्याला विचारतो: ओलं की सुकं?